लाल फुजीचा ठसा घरी काढायचाय? मग आधी कागद भिजवायला शिका

जपानी पद्धतीची लाकडी ठशांची छपाई, म्हणजे मोकुहांगा, घरी करून बघणारे लोक मला फोटो पाठवतात आणि विचारतात, "कोरताना काय चुकलं?" बहुतेक वेळा कोरण्यात फारसं काही चुकलेलं नसतं. कागद पापडासारखा कोरडा असतो नाहीतर पिचपिचीत ओला असतो, ब्लॉक तहानलेला असतो, आणि बिचाऱ्या पटाशीला शिव्या बसतात. म्हणून हा लेख मुद्दाम लांब लिहितोय आणि त्यात तयारीवरच जास्त बोललोय. हत्यारं कुठल्या कंपनीची घ्यावी हा विषय बाजूला ठेवू.

सरावाला चित्र घेऊ जपानी चित्रकार होकुसाईचं "लाल फुजी" (फुजी पर्वताचं चित्र), मूळ नाव गाइफू काइसेई, साधारण १८३०-३२ चं. मूळ ठसा ओबान आकाराचा, म्हणजे सुमारे २६ बाय ३८ सेंटीमीटर. आपण पोस्टकार्डाएवढा, १० बाय १५ करायचा. हेच चित्र का, तर रेषा कमी, रंग कमी, आणि आकाशात नि डोंगरावर रंग हळूहळू फिकट होत जातो ती बोकाशी शिकायला याच्याइतकं सोपं चित्र मला तरी सापडलं नाही. हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचा १८५७ चा पुलावरचा पाऊस सगळ्यांना करायचा असतो. त्या पावसाच्या रेषा कोरायला बसलात तर महिनाभराने हत्यारं माळ्यावर जातील. ते नंतर.

## सामान, आणि काय घेऊ नये

लाकूड: शिना (एक मऊ जपानी लाकूड) प्लाय, ६ मिमी, दोन तुकडे, प्रत्येक साधारण १५ बाय २२ सेंमी. दोन्ही बाजू वापरायच्या, म्हणजे चार ब्लॉक झाले. जपानात परंपरेने चेरीचं लाकूड वापरतात पण ते कडक असतं आणि नवशिक्याच्या हातात त्याचं चीज होत नाही. शिना इथे दुकानात सहसा दिसत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. मिळाला नाही तर बासवूडचा चांगला प्लाय चालेल. एमडीएफ अजिबात नको, ते पाणी पिऊन फुगतं आणि पाण्याच्या छपाईत दुसऱ्याच दिवशी त्याची भाकरी होते. सुताराकडचा मरीन प्लाय पाण्याला टिकतो पण कोरताना त्याचे छिलके उडतात, बारीक रेष उभी राहत नाही.

हत्यारं: एक तिरकं पातं असलेली चाकूसारखी सुरी (हांगितो), एक मोठी आणि एक छोटी गोल पटाशी, एक १०-१५ मिमीची सपाट पटाशी. चारच. बारा पटाशांचा स्वस्त सेट घेण्यापेक्षा चार धारदार बऱ्या. धार लावायला १००० नंबरचा आणि ४००० च्या पुढचा एक दगड.

बारेन: गोल चकती, हिने कागद मागून घासायचा. खरा बारेन बांबूच्या कोंबावरच्या सालीत गुंडाळलेला असतो, तो महाग. सुरुवातीला प्लास्टिकचा घ्या.

ब्रश: मऊ केसांचा, बुटांना पॉलिश करायचा नवाकोरा ब्रश चालतो, चेष्टा नाही. रंगाच्या जातीला एक, म्हणजे निळा, लाल, हिरवा असे तीन. बोकाशीसाठी चौथा, ७-८ सेंमी रुंद, सपाट.

कागद: कोझोचा (एका झुडपाच्या सालीच्या तंतूंचा) वाशी, म्हणजे जपानी हातकागद, साइझ केलेला. हे "साइझ केलेला" दोन वेळा वाचा. जपानीत याला दोसा म्हणतात, सरस आणि तुरटीचं पाणी कागदावर फिरवलेलं असतं म्हणजे रंग पसरत नाही. मी एकदा दुकानदाराच्या शब्दावर बारा ताव आणले आणि पहिल्याच ठशाला रेषांना मिशा फुटल्या. तेव्हापासून दुकानातच कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघतो. थेंब जरा वेळ मण्यासारखा बसून राहिला तर घ्यायचा, टाकताक्षणी गायब झाला तर ठेवून द्यायचा. आपल्याकडचा सुती चिंध्यांचा हातकागद दिसतो छान पण ओला झाला की बारेनखाली त्याचा कापूस निघतो.

## टप्पा १: चित्राचे थर वेगळे करा

पेन्सिल हातात घ्यायच्या आधी हे ठरवा की कुठला रंग कुठल्या ब्लॉकवर जाणार. आपले चार असे:

१. रेषांचा ब्लॉक: डोंगराची कड, ढगांच्या थोड्या रेषा. काळा नाही, गडद निळा, प्रशियन ब्लू. हे चित्र होकुसाईच्या "फुजीची छत्तीस दृश्यं" या मालिकेतलं, आणि तिच्या पहिल्या ३६ चित्रांच्या रेषाही निळ्याच आहेत.
२. आकाश: निळा, ढग सोडून.
३. डोंगर: विटकरी लाल, माथ्यावरच्या बर्फाच्या चिरा सोडून.
४. पायथ्याचं जंगल: हिरवा.

पांढरा रंग आहे का? नाही. ढग आणि बर्फ म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा, तिथलं लाकूड खोदून काढायचं. ही गोष्ट डोक्यात बसली नाही की लोक शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरने ढग रंगवायला जातात.

थर आखताना शेजारच्या दोन रंगांत अगदी काटेकोर सीमा ठेवू नका, लालने हिरव्याखाली अर्धा मिलिमीटर सरकावं. नाहीतर मध्ये पांढरी फट दिसते आणि ती सगळ्यात आधी नजरेत भरते.

## टप्पा २: रेषांचा ब्लॉक आणि केन्तो

केन्तो म्हणजे ब्लॉकवरच कोरलेल्या दोन खाचा. कागद दर वेळी याच खाचांत बसतो, म्हणून चारही रंग जागेवर पडतात. ब्लॉक आपल्यासमोर ठेवला की उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी खाच (कागी), आणि खालच्याच कडेला डावीकडे, साधारण दोन तृतीयांश अंतरावर, सरळ आडवी खाच (हिकित्सुके). चित्रापासून सेंटीमीटरभर लांब.

चित्र लाकडावर उलटं जायला हवं. ट्रेसिंग पेपरवर रेषा आणि केन्तोच्या खुणा दोन्ही काढा, कागद पालथा करा, खाली कार्बन ठेवून पुन्हा गिरवा. केन्तोच्या खुणा कागद पालथा केल्यावर योग्य बाजूला, म्हणजे उजव्या खालच्या कोपऱ्यात, यायला हव्यात, त्या हिशोबाने आखा. लाकडाचे रेशे चित्राच्या लांबीला समांतर, आडवे.

तपासा: होकुसाईच्या चित्रात फुजीचा माथा उजवीकडे आहे आणि लांब उतार डावीकडे जातो. तुमच्या लाकडावर माथा डावीकडे दिसायला हवा. उजवीकडे दिसतोय तर थांबा, पुसा, परत काढा. कोरून झाल्यावर हे कळलं की रडू येतं.

केन्तो सपाट पटाशीने: आधी बाहेरच्या कडेला पटाशी उभी ठोकून सरळ भिंत करा, मग चित्राच्या बाजूने तिरकं येत भिंतीपर्यंत उतार काढा. खोली मिलिमीटरभर पुरे. भिंत सरळ उभी हवी, तिरकी राहिली तर कागद तिच्यावर चढतो. आणि खाचेच्या भोवतीचं लाकूड तसंच उंच राहू द्या, ते पुढे लागणार आहे.

## टप्पा ३: कोरणं

सुरी मुठीत धरायची, खंजीर धरतात तशी, आणि स्वतःकडे ओढायची. दुसऱ्या हाताचं बोट पात्याला टेकवून दिशा द्यायची. पहिला काप रेषेला लागून, पण पातं असं झुकवून की रेषेचा पाया वरच्यापेक्षा रुंद राहील, डोंगरासारखा. दुसरा काप समोरून, म्हणजे मधली चिप व्हीच्या आकारात सुटून येते. मग मोकळी जागा गोल पटाशीने, रेषेच्या अगदी जवळची सपाटीने.

इथली नेहमीची चूक म्हणजे सुरी उलटी झुकते आणि रेषेच्या पोटाखालून काप जातो. कोरताना रेष मस्त दिसते, पहिल्यांदा ओला ब्रश फिरला की तुटून ब्रशबरोबर निघून जाते.

किती खोल? जागा जेवढी रुंद तेवढं खोल. ओला कागद मऊ असतो, तो रुंद खड्ड्यात लोंबतो आणि तळाला टेकतो. दोन रेषांमधली चिंचोळी जागा एक-दीड मिमी असली तरी चालते, पण आकाशाच्या ब्लॉकमधले मोठे ढग किमान तीन मिमी खोदा. मात्र मागच्या बाजूलाही कोरायचंय हे विसरू नका, ६ मिमीच्या प्लायमध्ये दोन्हीकडून उत्साह दाखवला तर आरपार खिडकी होते. म्हणून ज्या दोन ब्लॉकमध्ये मोठे खड्डे आहेत ते एकाच प्लायच्या पुढेमागे घेऊ नका. आकाशाच्या मागे रेषांचाही ब्लॉक नको, त्यातही बरंच लाकूड जातं. आकाशाच्या मागे डोंगर घ्या.

तपासा: पेन्सिलचं शिसं आडवं धरून पातळ कागदावर ब्लॉक घासून बघा. जे नको ते उमटलं तर अजून खोदायचंय.

## टप्पा ४: रंगांचे ब्लॉक, आणि मोजपट्टी लांब ठेवा

सगळ्यात जास्त ठसे इथे वाया जातात. लोक रेषांच्या ब्लॉकवरची केन्तो मोजपट्टीने मोजतात आणि तेवढ्याच अंतरावर बाकीच्या ब्लॉकवर आखतात. अर्धा मिमी इकडे, अर्धा तिकडे, आणि चार ब्लॉक झाल्यावर फुजीला दोन माथे.

बरोबर रीत अशी. रेषांचा ब्लॉक कोरून झाला की त्याचेच ठसे पातळ कागदावर काढायचे, केन्तोसकट. याला क्योगो म्हणतात. खाचेभोवती उंच लाकूड ठेवलं होतं ना, त्यावरही शाई लावायची, म्हणजे खाचेची कड कागदावर छापून येते. क्योगोचा कागद खाचांत बसवायचा नाही, मोठा कापून अख्ख्या ब्लॉकवर पसरायचा. रंगाला एक असे तीन क्योगो, आणि एक चौथा जास्तीचा, कारण एक फाटतोच.

आता रंगाच्या ब्लॉकवर क्योगो पालथा चिकटवायचा. खळ लाकडाला लावा, तळव्याने पातळ पसरवा, कागदाला लावू नका. कागदाला लावली की तो ओला होऊन ताणला जातो आणि सगळी मापं गेली. मधून बाहेर हलक्या हाताने बसवा, ओढू नका. वाळला की किंचित ओल्या बोटाने वरचे तंतू चोळून काढा, थेंबभर तेल लावा, रेषा आरशासारख्या स्पष्ट दिसतात. मग त्या ब्लॉकचा भाग लाल पेन्सिलने रंगवून घ्या, आणि आधी केन्तो कोरा, चित्र नंतर.

बोकाशीच्या जागी, म्हणजे डोंगराचा लाल जिथे खाली जंगलात विरतो तिथे, ब्लॉकची कड धारदार ठेवू नका. पटाशीने उतरती करून पॉलिशपेपर फिरवा. नाहीतर रंग फिकट होत येतो आणि शेवटी एक ठळक कड उमटते.

## टप्पा ५: कागद भिजवणं, आदल्या संध्याकाळी

रविवारी छापायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी. सकाळी उठून भिजवू आणि दहाला छापू, असं होत नाही.

आधी कापून घ्या. सगळ्या तावांचा एक कोपरा नेमका काटकोनात हवा, गुण्या लावून बघा, आणि त्या कोपऱ्यावर मागून पेन्सिलची खूण. कागी खाचेत दर वेळी हाच कोपरा जाणार. आठ चांगले ठसे हवे असतील तर बारा ताव, शिवाय प्रूफला, म्हणजे चाचणीच्या ठशांना, चार-पाच साधे तुकडे.

मग टीपकागद घ्या, नसेल तर कोरा न्यूजप्रिंट (छापील रद्दी नको, शाई उतरते). रुंद ब्रशने ओला करा, ठिबकायला नको. एक ओला टीपकागद, वर वाशीचे दोन-तीन ताव कोरडेच, परत ओला टीपकागद, अशी थप्पी. सगळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायची, वर एखादी हलकी फळी. रात्रभरात ओल आपोआप सारखी वाटली जाते. वाशीला थेट पाणी मारू नका, मारलं की काही ठिकाणी डबकं आणि काही ठिकाणी वाळवंट.

तपासा: सकाळी एक ताव गालाला लावा. गार लागला, अंगात चमक नाही, एका कोपऱ्याला धरला तर मऊ कापडासारखा लटकतो, तर तयार. चमकत असेल तर जास्त ओला, कोरड्या टीपकागदांमध्ये अर्धा तास ठेवा. धरल्यावर खडखडला तर अजून ओल हवी.

पंखा बंद. एसीही बंद. मे महिन्यात विदर्भात बसून छापताय तरी बंद. कागद वाळला की आकसतो, आणि आकसलेल्या कागदाला केन्तो कितीही अचूक असली तरी उपयोग नाही. मी पहिल्या वर्षी चांगले महिनाभर केन्तो दुरुस्त करत बसलो होतो, चूक होती छताला.

आणि पावसाळ्यात उलटा त्रास, भिजलेली थप्पी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी धरते. त्या दिवशी छापून संपणार नसेल तर पिशवीसकट फ्रीझरमध्ये टाका, परत काढून तासभर बाहेर ठेवली की चालू. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

## टप्पा ६: खळ आणि रंग

तांदळाची पिठी दोन मोठे चमचे, एक कप पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर पातळ दह्यासारखी हवी, घट्ट वाटली तर पाणी घालून सैल करा. गुठळी राहिली असेल तर फडक्यातून गाळा, कारण आकाशाच्या मधोमध ती गुठळी पांढरा ठिपका म्हणून छापली जाते. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की फेका.

रंग: ट्यूबमधले चांगले वॉटरकलर पाण्यात सैल करून. प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएनात थोडा लाल, आणि हिरव्यासाठी निळ्यातच पिवळा. ट्यूबमध्ये मुळातच डिंक असतो म्हणून खळ थोडी कमी लागते. ॲक्रिलिक नको, ब्रशमध्ये आणि लाकडावर वाळून बसतो. फाउंटन पेनची शाईही नको, ती कागदाच्या पार मागे जाते.

## टप्पा ७: ब्लॉकला पाणी पाजा, मग प्रूफ

कोरडा ब्लॉक सगळा रंग स्वतःच पितो. म्हणून छापायच्या आधी ओल्या फडक्याने ब्लॉक पुसा, पाच मिनिटं थांबा, परत पुसा, वर साचलेलं पाणी टिपा. खाली ओलं फडकं अंथरा म्हणजे ब्लॉक सरकत नाही.

आता एक ठसा अगदी सावकाश काढून बघू. ब्लॉकवर रंगाचे दोन-तीन थेंब, शेजारी मटारच्या दाण्याएवढी खळ. ब्रशने आधी गोल गोल फिरवून दोन्ही मिसळा, मग आडवे, मग उभे, आणि शेवटचे हात अगदी हलके, केस जेमतेम टेकतील एवढेच, लाकडाच्या रेशांच्या दिशेने. बघा, ब्लॉकवर आता डबकं नसतं, मखमलीसारखा ओलसर थर असतो. डबकं दिसतंय तर अजून ब्रश फिरवा.

कागद उचलताना उजवा कोपरा उजव्या हाताच्या दोन बोटांत, डावी कड डाव्या हाताच्या बोटांत. आधी कोपरा कागीत टेकवा, मग खालची कड हिकित्सुकेला, डाव्या अंगठ्याने तिथे दाबून ठेवा आणि मगच कागद खाली सोडा. उलट क्रमाने केलं तर कागद रंगावर टेकतो आणि मग सरकवावा लागतो. सरकवलेला ठसा म्हणजे गेलेला ठसा.

वर बेकिंग पेपरचा तुकडा ठेवा, म्हणजे पातळ कागद घासला जात नाही. बारेनला तेलाच्या फडक्यावर एकदा पुसून घ्या. जपानात कॅमेलियाचं तेल वापरतात, खोबरेलही चालतं पण अगदी नावाला. मनगटाने नाही, खांद्यातून वजन द्यायचं, तळव्याचा मागचा भाग दाबायचा, नागमोडी हात फिरवायचा. मग एका कोपऱ्यातून सोलून काढा.

पहिले तीन-चार ठसे फिकट, ठिपक्याठिपक्यांचे येणार. येऊ द्यात. ब्लॉक अजून रंग पितोय. चांगला वाशी या वेळी काढूच नका, साध्या तुकड्यांवर छापा. कित्येक जण दुसऱ्याच ठशाला घाबरून रंग घट्ट करतात आणि मग पाचव्या ठशाला चिखल होतो.

## टप्पा ८: छपाईचा क्रम

एका कागदावर चारही रंग छापून मग दुसरा कागद घ्यायचा, असं नाही. एक ब्लॉक घ्या, त्याने बाराही ताव छापा, मग पुढचा ब्लॉक. प्रत्येक ताव छापला की लगेच परत ओल्या थप्पीत.

क्रम: निळ्या रेषा, आकाशाचा फिकट सपाट निळा, डोंगराचा सपाट लाल, हिरवा, आणि मग बोकाशी. रेषा आधी, कारण पुढचे रंग पारदर्शक असल्याने त्या झाकल्या जात नाहीत आणि प्रत्येक पुढचा रंग जागेवर पडतोय का ते त्यांच्यावरूनच कळतं.

दुसरा रंग पहिल्याच तावावर सरकलेला दिसला तर लगेच केन्तो खणायला घेऊ नका. अजून दोन तावांवर बघा. तिन्हींवर एकाच दिशेला तेवढाच सरकलाय तर केन्तोची चूक. खाच बाहेर न्यायची असेल तर भिंत किंचित छिला, आत आणायची असेल तर भिंतीला लाकडाची बारीक चकती चिकटवा. प्रत्येकावर वेगवेगळा सरकलाय तर चूक हाताची किंवा ओलाव्याची.

## टप्पा ९: बोकाशी

आकाश वर गडद आणि खाली येताना फिकट. वरच्या कडेला सरळ पट्टीसारखी ही छटा असते तिला इचिमोंजी बोकाशी म्हणतात, लँडस्केपमध्ये तुम्ही ती शेकडो वेळा पाहिली असेल. तिला वेगळा ब्लॉक लागत नाही, आकाशाचाच ब्लॉक परत वापरायचा.

ब्लॉक ओल्या फडक्याने पुसा, या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्त ओला. रुंद ब्रश पाण्यात बुडवून झटका. मग ब्रशच्या एकाच टोकाला घट्ट रंग, दुसऱ्या टोकाला नुसतं पाणी. खळ गडद बाजूलाच, कणभर. ब्रशचं रंगाचं टोक चित्राच्या वरच्या कडेला ठेवून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, न उचलता, प्रत्येक फेरीला अगदी किंचित खालीवर. ब्रशच्या रुंदीतच रंग विरायला लागतो. आठ-दहा फेऱ्या. मग लगेच कागद, लगेच बारेन, इथे फोन घ्यायचा नाही.

एका दमात काळाभोर निळा आणायला जाऊ नका. दोन किंवा तीन हलक्या छपाया एकावर एक घ्या, दर वेळी पट्टा थोडा अरुंद. एकदाच जड रंग लावला तर मधे दाट रेघ पडते, आकाशाला कमरपट्टा बांधल्यासारखी.

फुजीच्या माथ्यालाही हेच, डोंगराच्या ब्लॉकवर, गडद तपकिरीने, वरून खाली विरत. माथा चिंचोळा असतो त्यामुळे अरुंद ब्रश घ्या. आणि मग खालून लाल रंग ओल्या फडक्याने पुसून विरवणं, याला फुकिबोकाशी म्हणतात, ते जमलं तर जंगल आणि डोंगराचा सांधा विरघळतो. आतेनाशी बोकाशी म्हणून अजून एक प्रकार आहे, ब्लॉकवर पाणी सांडून त्यात रंग सोडायचा, हिरोशिगेच्या त्या पावसाच्या चित्रातला वरचा काळा ढग तसाच आहे. त्यात दोन ठसे सारखे येत नाहीत. आज नको.

## बिघाड कसा ओळखायचा

पांढरे बारीक ठिपके सगळीकडे: कागद कोरडा, खळ कमी, किंवा दाब कमी. आधी कागद बघा. यालाच तिळासारखी छपाई म्हणून गोमाझुरी म्हणतात आणि काही चित्रकार ती मुद्दाम आणतात, पण आपण मुद्दाम आणलेली नाही हे आपल्याला माहीत असतं.

आकाराच्या कडेला गडद किनार, मध्ये फिकट: ब्लॉकवर पाणी जास्त, दाबल्यावर रंग कडेला ढकलला गेला. रंग कमी, ब्रश जास्त.

रेषांना केस फुटले: कागद जास्त ओला, किंवा साइझ केलेलाच नाही.

गोल गोल ओरखडे दिसतात: बारेनचे. दाब सारखा नाही, किंवा खळ कमी.

ढगात निळे डाग: खड्डा उथळ, नाहीतर ब्रशने खड्ड्यातही रंग भरलाय. प्रत्येक ठशाआधी फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून ढग पुसा. कंटाळवाणं आहे. पुसाच.

## टप्पा १०: वाळवणं, आणि ब्लॉक ठेवणं

दोरीवर चिमट्याने लटकवू नका. कडा आधी वाळतात, मधला भाग नंतर, आणि ठसा द्रोणासारखा होतो. कोरड्या टीपकागदांमध्ये एकेक ताव ठेवा, वर सपाट फळी आणि जाड पुस्तकं. दुसऱ्या दिवशी टीपकागद बदला, परत एक दिवस. पावसाळ्यात तीनदा बदला. सही पेन्सिलने, खालच्या समासात, पूर्ण वाळल्यावरच, ओल्या कागदात पेन्सिल रुतते.

फ्रेम करताना मागून सेलोटेप लावू देऊ नका, वरच्या दोन कोपऱ्यांना वाशीच्या बिजागऱ्या करून खळीने चिकटवा. उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

ब्लॉक ब्रशने गार पाण्यात धुवा, टिपा आणि सावलीत उभे ठेवून वाळवा, दोन्ही बाजूंनी हवा लागू दे. उन्हात ठेवले की वाकतात. वाळल्यावर एकमेकांवर सपाट, वजनाखाली.

आणि टाकून देऊ नका. जपानी ठसाकार योशिदा हिरोशींनी १९२६ मध्ये शिडाच्या होड्यांचं एकच चित्र रंग बदलून सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र असं छापलं. हेच योशिदा पुढे भारतात येऊन आपल्या वेरूळ-अजिंठ्याची चित्रंही करून गेले, पण त्यांच्या चित्रांतले थर मोजायला गेलात तर डोकं फिरेल, नवशिक्याने त्यांच्या वेरूळला हात घालू नये. तुमच्या चार ब्लॉकवर लालच्या जागी राखी निळा घाला आणि आकाशाची बोकाशी उलटी करा, खाली पिवळट आणि वर जवळजवळ काळं. कागद मात्र आदल्या संध्याकाळीच भिजवायला टाका.